'अर्थ फॉल्ट' या समासाचा विग्रह : छपरावरील सौर विजेच्या भूसंपर्कनासंबंधी

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने विजेच्या तारांविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि दोन पावसाळ्यांपूर्वी साकीनाक्यास जो प्रकार प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आला, त्याचे मूळ तारेत जितके होते तितकेच एका सामासिक शब्दात होते. त्या शब्दाचा विग्रह चुकला म्हणून एका तरुण कामगाराच्या जिवावर बेतले होते. तेव्हा तो शब्द, आणि त्या शब्दामागील वस्तू, या दोहोंचा विचार एकत्रच करणे प्राप्त आहे.

साकीनाका हा अंधेरी-कुर्ला रस्ता व साकीविहार रस्ता यांच्या संगमावरचा गजबजलेला भाग. २०१४ साली मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाल्यापासून त्याचे नाव मुंबईबाहेरच्यांच्याही कानी पडू लागले. पण त्याची खरी ओळख आतल्या गल्ल्यांतील गाळ्यांनी होते. लेथ, पॉलिश, शिवणकाम, प्लास्टिकचे साचे, पुठ्ठ्याची खोकी अशा नाना धंद्यांचे हे गाळे. तेथील बोलीत मराठी, मुंबईची हिंदी, भोजपुरी आणि गुजराती यांचे जे मिश्रण झाले आहे, त्याच्या नोंदी घेण्यासाठी प्रस्तुत लेखक काही वर्षे तेथे जात असतो. अलीकडे यांतील काही गाळ्यांच्या पत्र्यांवर सौर पॅनेले दिसू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर शब्दांचा एक नवा ताफाही आला आहे.

घडले ते असे. एका गाळ्यातील इन्व्हर्टर पावसाळ्यात रोज सकाळी बंद राही आणि त्याच्या पडद्यावर 'अर्थ फॉल्ट' ही अक्षरे उमटत. दहा-साडेदहाला ऊन पडून पत्रा वाळला की यंत्र आपोआप सुरू होई. मालकाने बोलावलेल्या मिस्त्रीने अक्षरे वाचली आणि निदान सांगितले : "शेठ, अर्थमध्ये फॉल्ट दाखवतोय. अर्थच काढून टाकतो, म्हणजे कटकट नको." त्याने पॅनेलांच्या सांगाड्यापासून जमिनीकडे जाणारी पट्टी सोडविली. दुसऱ्या दिवशी यंत्र सकाळी सातलाच सुरू झाले. मालक प्रसन्न झाला. चार दिवसांनी ताडपत्री ओढण्यासाठी वर गेलेल्या मुलाचा हात सांगाड्यास लागला आणि तो झटका बसून पत्र्यावर आडवा झाला. सुदैवाने तो वाचला. का वाचला, हे पुढे येईल.

मिस्त्री अडाणी नव्हता, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. त्याच्या उपायाने यंत्र खरोखरच चालू झाले होते. त्याने समासाचा विग्रह 'अर्थमधील फॉल्ट' असा केला, आणि ज्या अवयवात दोष आहे तो अवयव काढून टाकला. त्याच्या विग्रहाप्रमाणे त्याचे वागणे तर्कशुद्धच होते. परंतु येथे विग्रह 'अर्थकडे होणारा फॉल्ट' असा अभिप्रेत आहे : जी वीज तारेत राहावयाची ती निरोधन बिघडल्यामुळे भूमीकडे जाते आहे, भूमीची तार मात्र निर्दोष असून आपले काम चोख करीत आहे. इंग्रजी समासात विभक्तिप्रत्यय लुप्त असतो आणि मराठीत तो शब्द जसाच्या तसा उचलला की लोपही त्याबरोबर येतो. 'चोरभय' म्हणजे चोरापासून भय, हे आपण शाळेत शिकतो. 'चोरातील भय' असे कोणी म्हणत नाही, कारण दोन्ही पदांचा अर्थ आपल्यास ठाऊक असतो. 'अर्थ फॉल्ट' मध्ये दोन्ही पदे परकी असल्यामुळे विग्रहास आधार उरत नाही.

त्यातून 'अर्थ' या शब्दाची आणखी एक अडचण आहे. इंग्रजी शब्दाच्या अंत्य घर्षक व्यंजनाऐवजी मराठी भाषक दंत्य महाप्राण थकार उच्चारतो, आणि त्यामुळे तो संस्कृतोद्भव 'अर्थ' शब्दाशी अक्षरशः एकरूप होतो. दोहोंच्या व्युत्पत्तीत काडीचाही संबंध नाही. पण एकरूपतेमुळे मराठी 'अर्थ' ऐकताना भूमीची कल्पना मनात उभीच राहत नाही. अमेरिकन पुस्तिकांतील 'ग्राउंड' शब्दाचीही तीच गत : मराठीत ग्राउंड म्हणजे क्रिकेटचे मैदान. पारिभाषिक मराठीत 'भूसंपर्कन' हा शब्द आहे, तो निदान भूमीचे नाव घेतो, म्हणून या लेखात तोच वापरला आहे. गाळ्यात तो कोणी वापरील अशी आशा मात्र प्रस्तुत लेखकास नाही. 'रोहित्र' हा शब्द वीज कंपनीच्या पत्रकांत सुखाने नांदतो, तरी खेड्यातील शेतकरी 'डीपी जळाली' असेच म्हणतो.

आता वस्तूकडे वळू. सौर पॅनेलांतून एकदिश वीज निघते. एकेका पॅनेलचा मुक्त दाब सामान्यतः ४० ते ५० व्होल्ट असतो. दहा-बारा पॅनेले माळेप्रमाणे जोडली की तो ४००-५०० व्होल्टांवर जातो. इन्व्हर्टर या विजेचे प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतो आणि ती पुरवठादाराच्या जाळ्यातील २३० व्होल्टांच्या व ५० हर्ट्‌झच्या विजेत मिसळतो. येथेही एक शब्द घात करतो. मराठी घरांत 'इन्व्हर्टर' म्हणजे दिवे गेल्यावर पंखा चालविणारी, बॅटरीवरची पेटी. जाळ्याशी जोडलेला सौर इन्व्हर्टर नेमका याच्या उलट वागतो : जाळ्यातील वीज गेली की त्यानेही दोन सेकंदांच्या आत वीज देणे थांबविले पाहिजे, अशी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ सालच्या विनियमांची अट आहे. नाही तर तार दुरुस्त करावयास चढलेल्या लाइनमनला ती तार मृत वाटेल आणि ती जिवंत असेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज भर सकाळी गेली, तेव्हा बॅटरीविना जाळ्याशी जोडलेल्या पॅनेलांनी ऊन असूनही वीज देऊ नये, हाच त्यांचा धर्म होता.

भूसंपर्कन म्हणजे काय, हे सांगताना बहुतेक पुस्तके 'जादा वीज जमिनीत सोडणे' असे सांगतात. ही कल्पना अपुरी आहे आणि घातकही आहे. वीज जमिनीत मुरत नाही. तिला जेथून निघाली तेथे परत जावयाचे असते. पुरवठादार आपल्या रोहित्राचा मध्यबिंदू उपकेंद्रात भूमीशी जोडतो, त्या बिंदूपासून निघालेली तार म्हणजे न्यूट्रल. यंत्राच्या धातूच्या अंगास फेजची तार टेकली आणि ते अंग भूमीशी जोडलेले असेल, तर प्रवाह भूसंपर्काच्या वाटेने त्या मध्यबिंदूकडे परततो. हा प्रवाह पुरेसा मोठा असेल तरच एमसीबी उडेल. संरक्षण होते ते सर्किट तुटल्यामुळे. भूमी त्यासाठी केवळ वाट पुरविते.

वाट किती रुंद, यावर सर्व अवलंबून असते, आणि येथे थोडा हिशेब करणे अवश्य आहे. ३ मीटर लांब व ४० मिलिमीटर व्यासाची नळी जमिनीत उभी पुरली आणि त्या मातीची रोधकता १०० ओहम-मीटर असली, तर रूढ सूत्राप्रमाणे नळीचा भूमीशी रोध सुमारे ३० ओहम येतो. फेज अंगास टेकल्यास २३० भागिले ३०, म्हणजे साडेसात अँपिअरांच्या आसपास प्रवाह वाहील. १६ अँपिअरांची एमसीबी या प्रवाहाने उडणार नाही. तिच्या दृष्टीने हा नेहमीचा भार आहे. म्हणजे मालकाने खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, पट्टी आणली, मिस्त्रीने 'अर्थिंग केली' असे सांगितले, आणि तरीही यंत्राचे अंग तासन्‌तास जिवंत राहू शकते. याउलट पुरवठादाराने स्वतः धातूच्या तारेने आणून दिलेले भूसंपर्क-टोक वापरले, आणि त्या संपूर्ण वळशाचा रोध अर्धा ओहम असला, तर प्रवाह ४६० अँपिअरांवर जातो आणि एमसीबी तत्क्षणी उडते. ग्राहकाच्या जागेत असे टोक पुरवून सुस्थितीत ठेवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे, ही तरतूद १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांत होती आणि २०१० सालच्या विनियमांतही आली. परंतु ते टोक मीटरपेटीत कोठे आहे, हे विचारणारा ग्राहक विरळा.

या दोन रचनांना आंतरराष्ट्रीय परिभाषेत अक्षरसंज्ञा आहेत : पहिली टीटी, दुसरी टीएन. या अक्षरांचे इंग्रजी विस्तार शोधण्यात विद्यार्थी व्यर्थ वेळ घालवितात. टी हे फ्रेंच 'तेर', म्हणजे भूमी, या शब्दाचे आद्याक्षर आहे. पहिले अक्षर पुरवठ्याच्या उगमाची भूमीशी असलेली जोडणी सांगते, दुसरे ग्राहकाच्या यंत्राच्या अंगाची. टीटी रचनेत एमसीबीवर विसंबता येत नाही, म्हणून तेथे शेष-प्रवाहावर चालणारा स्विच, ज्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात, तो अपरिहार्य होतो. जाणारा व येणारा प्रवाह यांतील फरक मोजून काही मिलिअँपिअरांच्या गळतीवरच तो सर्किट तोडतो.

'न्यूट्रल म्हणजेच अर्थ' हे वाक्य साकीनाक्यास प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकले आहे. तीन पिनांच्या सॉकेटात वरची मोठी पिन न्यूट्रलला जोडून देण्याची प्रथा याच वाक्यातून जन्मली. वाक्य अर्धसत्य आहे. उपकेंद्रात दोन्ही एकच आहेत खरे. पण वाटेत न्यूट्रल तुटला, तर सॉकेटास जोडलेल्या यंत्राच्या अंगात भारातून आलेली फेज उभी राहते. न्यूट्रल ही रोजच्या प्रवाहाची परतीची वाट. संरक्षक भूतार ही केवळ दोष घडल्यावर वापरावयाची वाट. अमेरिकन वीजसंहितेत या दोन तारांची नावे एकाच धातूच्या दोन कृदंतांनी केली आहेत : एक 'भूमीशी जोडलेली' तार, म्हणजे न्यूट्रल, आणि दुसरी 'भूमीशी जोडणारी' तार, म्हणजे संरक्षक. कर्मणि आणि कर्तरि कृदंत यांतील भेदावर माणसाचा जीव अवलंबून असावा, असे दुसरे उदाहरण निदान प्रस्तुत लेखकास आठवत नाही. मराठी अनुवादक दोहोंस 'ग्राउंडेड वायर' म्हणून मोकळे होतात.

न्यूट्रल व भूतार यांची गाठ एकाच ठिकाणी असावी, हा नियम यातूनच निघतो. जाळ्याशी जोडलेला इन्व्हर्टर पुरवठादाराच्या गाठीवर चालतो. त्याच्यापाशी दुसरी गाठ मारणे चूक आहे. तशी ती मारल्यास रोजचा परतीचा प्रवाह दोन वाटांत विभागला जाऊन सांगाडे व पाइप यांतून वाहू लागतो आणि आरसीसीबी विनाकारण उडत राहते. मग मिस्त्री आरसीसीबी काढून टाकतो. बॅटरी असलेल्या, म्हणजे जाळे तुटल्यावर घर चालविणाऱ्या इन्व्हर्टरांची गोष्ट वेगळी. जाळ्यापासून सुटताच त्यांना आपली स्वतःची गाठ आतल्या रिलेने बांधावी लागते आणि जाळे परत आले की ती सोडावी लागते.

आता छपराकडे. जुन्या इन्व्हर्टरांत रोहित्र असे, त्यामुळे पॅनेलांची बाजू जाळ्यापासून धातुशः अलग राही आणि तिचे एक टोक भूमीशी जोडता येई. आज लहान छपरांवर बहुधा रोहित्रविरहित इन्व्हर्टर बसतात. ते हलके व स्वस्त आहेत. त्यांत पॅनेलांची बाजू अर्धवाहक स्विचांतून थेट जाळ्यास भिडते, आणि जाळ्याचा न्यूट्रल तर भूमीशी जोडलेलाच आहे. म्हणून येथे पॅनेलांचे धन अथवा ऋण टोक भूमीशी जोडल्यास तो सरळ लघुपथ होतो. भूमीशी जोडावयाचा तो सांगाडा, पॅनेलांच्या चौकटी आणि इन्व्हर्टरचे अंग. विजेची टोके नव्हेत. 'सोलरला अर्थ दिला का?' या प्रश्नात हा भेद मावत नाही. कशास दिला, हे विचारले पाहिजे.

असा इन्व्हर्टर जाळ्यास जोडून घेण्यापूर्वी पॅनेलांच्या तारा आणि भूमी यांमधील निरोधन स्वतः मोजतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याची किमान मर्यादा इन्व्हर्टरच्या कमाल एकदिश दाबास ३० मिलिअँपिअरांनी भागून काढतात. ६०० व्होल्टांच्या यंत्रास ती २० किलोओहम येते. निरोधन याहून कमी भरले की यंत्र जोडून घेत नाही आणि पडद्यावर ती दोन पदे उमटतात. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात जोडण्यांच्या टोप्यांत पाणी शिरते, पत्र्याच्या कडेने तारेचे वेष्टन घासले जाते, आणि दोष नेमका ओल्या सकाळी दिसून उन्हात लपतो. त्या गाळ्यात हेच घडत होते. एका पॅनेलची तार सांगाड्यावर घासली होती. सांगाडा भूमीशी जोडलेला असेपर्यंत यंत्रास गळती 'दिसत' होती. पट्टी सोडताच सांगाडा भूमीपासून तुटला, मोजणीत निरोधन उत्तम आले, आणि यंत्र समाधानाने सुरू झाले. दोष जागच्या जागी होता; आता सांगाडा मात्र शेकडो व्होल्टांवर होता आणि भूमीकडची एकच वाट उरली होती, ती म्हणजे त्या मुलाचे शरीर.

तो वाचला तो बहुधा दुसऱ्या तरतुदीमुळे. चालू असतानाही इन्व्हर्टर भूमीकडे जाणारा शेष-प्रवाह सतत मोजतो. ३० केव्हीएपर्यंतच्या यंत्रास अखंड मर्यादा ३०० मिलिअँपिअर. पण एकाएकी ३० मिलिअँपिअरांची उडी झाली तर ०.३ सेकंदात, आणि १५० ची झाली तर ०.०४ सेकंदात त्याने जाळ्यापासून सुटावयास हवे. अखंड मर्यादा एवढी सैल ठेवण्याचे कारण असे की पॅनेलची काच, पेशी आणि चौकट मिळून एक धारित्र बनते आणि त्यातून निर्दोष स्थितीतही थोडा प्रवाह भूमीकडे झिरपतो. काच ओली असता अधिक झिरपतो. म्हणून यंत्र परिमाणावर न जाता आकस्मिक बदलावर लक्ष ठेवते. मुलाचा हात लागला ही अशी एक उडी होती.

खड्ड्यांविषयी थोडे. प्रचलित तांत्रिक अटींत तडितरक्षक, एकदिश बाजू व प्रत्यावर्ती बाजू यांस वेगवेगळे खड्डे सांगितलेले आढळतात आणि रोध ५ ओहमांपेक्षा अधिक नसावा असेही म्हटलेले असते. वर केलेल्या हिशेबावरून दिसेल की एका नळीने ५ ओहम गाठणे सोपे नाही. मुंबईचा कातळ बेसॉल्टाचा आहे, आणि तो वर आला असेल तेथे तर नाहीच नाही. साकीनाक्याचा सखल भाग मिठी नदीच्या अंगाने ओलसर असतो, तेथे जुलैत घेतलेले मोजमाप मनोरम येते. ते मे महिन्यात पुन्हा घ्यावे, असे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले नाही. शिवाय खड्डा खणावयाचा कोठे? छप्पर एकाचे, तळमजला दुसऱ्याचे, गल्ली महापालिकेची. ज्याच्या दारात खणावे तो हरकत घेतो. मग तिन्ही पट्ट्या एकाच खड्ड्यात उतरतात आणि कागदावर तीन खड्डे राहतात.

यात एक विरोधाभास असा की खड्डे वेगळे असले तरी ते जमिनीखाली परस्परांस जोडणेच हितावह आहे. १० हजार अँपिअरांची वीज ५ ओहमांच्या एका खड्ड्यात उतरली तर त्या खड्ड्याचा दाब ५० हजार व्होल्टांनी चढतो. शेजारचा खड्डा अलग असेल तर हा सर्व फरक इन्व्हर्टरच्या दोन बाजूंमध्ये उभा राहतो. जोडलेले असतील तर दोन्ही एकत्र चढतात. 'स्वतंत्र अर्थ' या शब्दप्रयोगास कंत्राटी कागदांत जी प्रतिष्ठा आहे ती म्हणूनच तपासून घेतली पाहिजे : खड्डा स्वतंत्र असू शकतो, भूमी स्वतंत्र नसते.

रंगांचीही एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे तीन फेजांस तांबडा, पिवळा व निळा, न्यूट्रलला काळा आणि भूतारेस हिरवा, अशी रूढी आहे. परदेशी बनावटीच्या इन्व्हर्टरांत निळा रंग न्यूट्रलचा असतो. चिन्ह यादृच्छिक असते हे सोस्यूरचे सूत्र परीक्षेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निळ्या तारेपुढे क्षणभर थांबावे.

त्या प्रसंगानंतर मालकाच्या विनंतीवरून प्रस्तुत लेखकाने इन्व्हर्टरच्या पेटीवर लावण्यासाठी मराठीत एक सूचना लिहून दिली : 'अर्थ फॉल्ट दिसल्यास पॅनेलच्या तारेतून वीज जमिनीकडे गळत आहे असे समजावे. हिरवी तार काढू नये. यंत्र बंद ठेवून पॅनेलच्या तारा तपासाव्यात.' विभक्ती नीट लावली, कर्ता स्पष्ट केला, आता संदिग्धता उरली नाही, असे वाटले. मिस्त्रीने ती वाचली, मान डोलाविली आणि दोन दुरुस्त्या सुचविल्या. पहिली, 'जमिनीकडे' ऐवजी 'बॉडीत' लिहा, कारण पत्र्यावर उभ्या माणसास जमीन दिसत नाही, बॉडी दिसते. दुसरी अशी : "सर, इथं हिरवी तार कुठाय? खाली उतरली आहे ती जीआयची पट्टी. हिरवी तार वाचून कोणी पट्टी सोडली तर?" सूचना पुन्हा लिहिली. तीत आता 'पट्टी' आहे, आणि त्या शब्दापासून निघालेला एक बाण थेट पट्टीच्या बोल्टापर्यंत लाल रंगाने ओढलेला आहे.